खारशेतचे शंभर टक्के

ही गोष्ट २०४६ सालची. त्या वर्षी आमच्या खारशेतच्या अणुवीज केंद्राला कार्यक्षमतेची ढाल मिळाली आणि त्याच वर्षी गावच्या महाविद्यालयात ते कपाट आले. आधी ढाल की आधी कपाट, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. माझ्या आठवणीप्रमाणे ढाल आधी, कारण मृण्मयी कपाटाचा ट्रक उतरवून घ्यायला गेली तेव्हा ढालीचे पेढे डब्यात शिल्लक होते.

मृण्मयी म्हणजे माझी सून. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची. सौमित्र माझा मुलगा, केंद्रात पाळीप्रमुख. त्याची पाळी असेल तेवढा वेळ अणुभट्टी त्याच्या ताब्यात. ढाल घ्यायला साहेबांबरोबर तोही व्यासपीठावर होता, निळ्या कोटात. आणि मी वैजयंती मयेकर, सगळे आयुष्य अणुवसाहतींत काढलेली बाई. माझे यजमानही भट्टीवरच होते.

वसाहतीची एक रीत होती. केंद्रात काय चालले आहे हे घरी विचारायचे नाही. तसा नियम कुणी बायकांना सांगितला नव्हता, पण लग्न होऊन आलेली मुलगी वर्षभरात आपोआप शिकायची. अंदाज मात्र आम्ही बांधायचो. पाळीची बस उशिरा आली म्हणजे काहीतरी झाले. मोठ्या साहेबांची बायको भिशीला आली नाही म्हणजे मोठे काहीतरी झाले. एकदा मला वर्तमानपत्रात वाचून कळले की भट्टी तीन दिवसांपासून बंद आहे, आणि यजमान समोर बसून चहात खारी बुडवत होते. "खरं का हो?" असे विचारायचे तोंडावर आले, पण मी दुसरी खारी पुढे केली. त्या काळी मला त्यात काही चुकीचे वाटायचे नाही. उलट अभिमान वाटायचा. सगळ्या देशाचे गुपित आपल्या स्वयंपाकघरातून जाते आणि सांडत नाही, असे काहीसे.

कपाटाने ही रीत मोडीत काढली.

ते यंत्र दिसायला खरोखर लोखंडी कपाटासारखे होते, करड्या रंगाचे, बिजागऱ्यांसकट. आत काय आहे ते मृण्मयीने मला असे सांगितले: अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटतो, त्याचे तुकडे अस्थिर असतात आणि स्थिर होताना ते प्रतिन्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण बाहेर टाकतात. एका फुटलेल्या अणूमागे साधारण सहा. हे कण कशालाच जुमानत नाहीत. भट्टीची जाड भिंत, टेकडी, आपले शरीर, सगळ्यातून आरपार जातात. त्यांना अडवता येत नाही, म्हणून लपवताही येत नाही. पूर्वी त्यांतला एखादा पकडायला जमिनीखाली तळ्याएवढ्या टाक्या लागत. मग २०४० नंतर एक थरावर थर रचलेला स्फटिक निघाला आणि तेच काम कपाटात मावले. कोट्यवधी कणांतले मोजके कण त्यात चमक उठवतात, त्या चमका मोजायच्या. दिवसाला किती चमका, यावरून भट्टीत किती अणू फुटले हे कळते. म्हणजेच भट्टी किती जोरात चालली आहे, हे कुणाला न विचारता कळते.

महाविद्यालय केंद्राच्या कुंपणाला लागूनच होते. कपाट तळघरात ठेवले आणि त्याचा आलेख मृण्मयीच्या फोनवर येऊ लागला.

सुरुवातीला घरात मजाच झाली. सौमित्र दुपारी घरी आला की ती विचारायची, "काय साहेब, सकाळी जरा थंड घेतलंत वाटतं?"

"कशावरून?"

"नव्वद टक्क्यांवर होतात ना."

"आई, हिला सांग, मी बोलू शकत नाही."

"तू बोलूच नकोस," मृण्मयी म्हणायची. "तुझी भट्टी बोलते."

सौमित्र हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. चोवीस वर्षे जे तोंड त्याने बंद ठेवले होते, ते कुणीतरी बाहेरून उघडल्यासारखे त्याला वाटत असणार. मला मात्र मृण्मयीची ऐट आवडली. आमच्या वेळी असे कपाट असते तर भिशीतल्या निम्म्या गप्पा वाचल्या असत्या.

दोन महिन्यांनी मृण्मयीची थट्टा बंद झाली. रोज केंद्राचा जाहीर आकडा शंभर टक्के असायचा आणि कपाट सांगायचे एकशे दोन पूर्णांक सहा. तिने कपाट पुन्हा पुन्हा तपासले. स्फटिक बनवणाऱ्या बंगळूरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. आकडा हलेना.

"अडीच टक्क्यांनी काय होतं गं?" मी विचारले.

"लगेच काही होत नाही, आई. पण सुरक्षिततेचे सगळे हिशेब शंभरावर केलेले असतात. मीटरची चूक धरून वर दोन टक्के सोडलेले असतात. दोनच्या पुढे गेलात की कुणी हिशेबच केलेला नाही. पूल पडत नाही म्हणून त्यावरून रोज जास्तीचा ट्रक नेण्यासारखं आहे."

त्या दशकात अणुक्षेत्राची सगळी मांडणी नव्याने झाली होती. केंद्र चालवायची सागरतीर अणुवीज कंपनी. तिच्यावर देखरेख अणुदक्षता आयोगाची. इंधन किती जळले हे बघायचे अणुइंधन कार्यालय. आणि या तिघांचे आकडे लोकांसाठी एकत्र मांडायचे अणुमाहिती भांडार. भांडाराच्या पडद्यावर तिघांचे आकडे जुळले की हिरवा दिवा लागायचा. खारशेतपुढचा दिवा कधी विझलाच नव्हता.

मृण्मयीने रीतसर विचारणा सुरू केली आणि मी तिच्या शेजारी बसून ते फोन ऐकले. कंपनीची जनसंपर्क बाई म्हणाली, "मॅडम, सगळे आकडे भांडारात आहेत." भांडाराचा माणूस म्हणाला, "आम्ही नुसते मांडतो. बरोबर की चूक ते आयोग बघतो." आयोगात उत्तर मिळाले, "आम्ही कंपनीने दिलेल्या माहितीची छाननी करतो. तुम्ही कंपनी नाही." इंधन कार्यालयात फोनवर यंत्राचा आवाज होता, फार गोड, आणि तो दर वेळी आम्हाला कंपनीच्या त्याच जनसंपर्क बाईकडे जोडून द्यायचा. चौथ्यांदा आम्ही तिच्याकडे पोचलो तेव्हा ती म्हणाली, "मयेकर मॅडम, जेवलात का?"

शेवटी आयोगाच्या रत्नागिरीच्या कार्यालयात भेट मिळाली. मी हट्टाने बरोबर गेले. देवस्थळी नावाचे अधिकारी होते, सभ्य गृहस्थ, टेबलावर समुद्री शिंपल्यांचा गणपती. त्यांनी आलेख उलटसुलट बघितला.

"तीन संस्था, मॅडम," ते म्हणाले. "तीन स्वतंत्र संस्था शंभर म्हणतात. तुमचं कपाट एकटंच एकशे दोन पूर्णांक सहा म्हणतं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

"भट्टीवर जाऊन बघितलं असतं."

"बघायचं काय? तिथेही शंभरच लिहिलेलं असणार."

मला राहवले नाही. "अहो, पण लिहिलेलं कशाला बघता?"

"आजी, तुम्ही चहा घ्या," देवस्थळी म्हणाले. मग मृण्मयीकडे वळून हळू आवाजात, "आणि तुमचे मिस्टर तिथेच पाळीप्रमुख आहेत ना? घरात काही कमीजास्त झालं असेल तर ते घरातच मिटवावं. आत्ताच ढाल मिळाली आहे केंद्राला."

परत येताना मी गाडीत एकटीच देवस्थळींशी भांडत होते, मोठ्याने.

आठवड्याच्या आत प्राचार्य घाट्यांनी तिला खोलीत बोलावले. एक निवेदन तयार होते: महाविद्यालयाच्या यंत्रात दोष असून त्याचे आकडे ग्राह्य धरू नयेत. खाली तिची सही हवी होती, शुक्रवारपर्यंत. नाहीतर कपाटाचे अनुदान थांबणार आणि तिची नेमणूक, जी दर वर्षी नवी होत असे, पुढे होणार नव्हती. "मी तुमच्याच बाजूचा आहे," घाटे म्हणाले म्हणे. "पण बाजू घ्यायला जागा तर पाहिजे."

आणि घरात त्याहून वाईट चालले होते. सौमित्र जेवताना ताटाकडे बघून जेवायचा. मंगळवारी तो फुटला.

"तू काय म्हणते आहेस ते तुला कळतं का? मी रोज शंभरावर भट्टी चालवतो. पडद्यावर शंभर बघतो, शंभर सांगतो. तू गावभर सांगतेस एकशे दोन. म्हणजे मी खोटारडा."

"मी तुझं नाव तरी घेतलं का?"

"पाळी कुणाची असते? भुताची?"

"मग तूच सांग ना फरक कशाने येतो ते!"

"मला सांगता येत नाही, माहीत आहे तुला!"

"तर मग मलाही सही करता येत नाही!"

ती उठून मागच्या अंगणात गेली. तो समोरच्या. दोघांच्या मधे मी आणि भाताचे पातेले. मला इतका संताप आला की काय सांगू. देवस्थळींचा, घाट्यांचा, त्या गोड आवाजाचा, आणि सगळ्यांत जास्त या घराचा, जिथे उत्तर माहीत असलेला माणूस आणि प्रश्न माहीत असलेला माणूस एका ओट्यावरची भांडी विसळतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. यजमान असते तर त्यांनी गप्प राहून निभावले असते. मीही तेच करत आले होते.

मी समोरच्या अंगणात गेले आणि सौमित्रला विचारले, "तो आकडा येतो कुठून?"

त्याच्या उभ्या आयुष्यात आईने भट्टीबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"आई, तू पण?"

"मला गुपित नको. शाळेतल्या मुलांना सांगतात तेवढं सांग. भट्टी किती जोरात चालते ते तुम्ही मोजता कसं?"

तो पायरीवर बसला. मग बोलू लागला, सवयीने, शिकाऊ मुलांना सांगतो तसा. "तुझ्या लहानपणी बंब होता ना? त्यातला जाळ थेट मोजता येत नाही. पण आत किती पाणी गेलं आणि ते किती तापून बाहेर आलं हे मोजलं तर जाळाचा हिशेब लागतो. तसंच. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. आत जाणाऱ्या पाण्याच्या नळावर प्रवाहमापक आहे, ध्वनिलहरींवर चालणारा. पाणी किती, तापमान किती, गुणाकार केला की शक्ती."

"आणि पाणी जास्त जात असेल आणि मापक कमी दाखवत असेल तर?"

"तर आपल्याला वाटेल शक्ती कमी आहे, मग आपण शंभर दिसेपर्यंत वाढवू. पण तसं असतं तर वीज जास्त..." तो थांबला.

वीज जास्तच झाली होती. त्याचीच तर ढाल होती. टर्बाइनची नवी पाती बसवली म्हणून त्याच उष्णतेत जास्त वीज निघते, असे सगळ्यांनी धरले होते, आणि पाती बसवताना पंपाजवळचा नळही बदलला होता. नव्या नळाला मापकाच्या अलीकडेच एक वळण आले होते. वळणावर पाणी घुसळते, आणि घुसळणाऱ्या पाण्यात ध्वनिलहरी फसतात. हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी मी एवढेच विचारले, "पण बाकीच्या दोन संस्था? त्याही शंभर म्हणतात ना? त्यांचे मापक वेगळे असतील."

सौमित्रने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "आयोग आमच्या पडद्यावरून आकडा उचलतो. इंधन कार्यालय किती इंधन जळलं ते शक्तीवरून काढतं. शक्ती कुठली, तर आमची. भांडार तिघांचे आकडे जुळतात का बघतं." तो हसला, पण ते हसणे चांगले नव्हते. "जुळणार नाहीत तर काय करतील? तिघांनाही एकच मापक आहे, आई. आणि आम्हाला कधी शंका आली तर आम्ही काय बघतो माहीत आहे? भांडारातला हिरवा दिवा."

मागच्या दारात मृण्मयी उभी होती. किती वेळ ते मला माहीत नाही. तिने काही विचारले नाही आणि तो तिला काही बोलला नाही. एवढी वर्षे मुरलेली सवय होती, ती अशी एका दुपारी जात नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वरिष्ठांना मापक तपासायची मागणी दिली. उत्तर आले की वार्षिक देखभालीत बघू. देखभाल आठ महिन्यांवर होती. मापक तपासायचा तर भट्टी बंद करावी लागते, भट्टी बंद केली की कारण सांगावे लागते, आणि कारण काय सांगणार? महाविद्यालयातले कपाट?

गुरुवारी सकाळी मी अंगणात कोकम वाळत घालत होते. मृण्मयी फोन हातात घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. आलेखाची रेघ, जी कित्येक आठवडे एकाच उंचीवर होती, ती सहा वाजता सरळ पायरीसारखी खाली उतरली होती. शंभराच्या किंचित खाली.

"काय झालं? भट्टी बिघडली?"

"नाही, आई. सहाला सौमित्रची पाळी सुरू झाली."

पाळीप्रमुखाला शंका असेल तर शक्ती कमी करायचा अधिकार असतो. कागदावर असतो. वापरत कुणी नाही, कारण कमी झालेल्या प्रत्येक युनिटचा जाब द्यावा लागतो. सौमित्रने तो वापरला होता. दुपारी दोनला पाळी बदलली आणि रेघ पुन्हा वर गेली. शुक्रवारी सकाळी सहाला पुन्हा खाली. भिंतीतून, टेकडीतून, सगळ्यातून आरपार तो तिला सांगत होता की तुझे खरे आहे. त्याला तोंड उघडावे लागले नाही. नियमही मोडला नाही.

मृण्मयीने शुक्रवारी निवेदनावर सही केली नाही.

त्यानंतर जे झाले ते पटापट झाले. सौमित्रला खुलाशाची नोटीस आली. कपाटावर आयोगाचे सील लागले, कारण विनापरवाना अणुमापन. मृण्मयीची नेमणूक पुढे झाली नाही. बाकीच्या पाळ्या एकशे दोन पूर्णांक सहावर भट्टी चालवत राहिल्या आणि पडदा शंभर दाखवत राहिला. काही झाले नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण लोक मला नेहमी विचारतात की मग अपघात झाला का. नाही झाला. पूल पडला नाही. म्हणून तर कुणाला काही वाटले नाही. मला कधी कधी वाईट विचार यायचा की काहीतरी छोटेसे तरी व्हावे, एखादा भोंगा वाजावा, म्हणजे ते लोक मान वर करून बघतील. मग माझीच मला लाज वाटायची. भोंगा वाजला असता तर सहा ते दोन सौमित्रच तिथे होता.

आठ महिन्यांनी वार्षिक देखभालीत तो मापक काढला, वळणापासून दूर नवा बसवला. केंद्र पुन्हा सुरू झाले आणि वीज अडीच टक्क्यांनी घटली. कंपनीने जाहीर केले की टर्बाइनची पाती अपेक्षेपेक्षा लवकर झिजली. पाती पुरवणाऱ्यांशी त्यावरून मोठा पत्रव्यवहार झाला म्हणे. भांडारातला दिवा मापक बदलण्याआधी हिरवा होता, बदलल्यावरही हिरवाच राहिला.

आज या गोष्टीला बरीच वर्षे झाली. केंद्रातली ढाल अजून प्रवेशद्वारापाशी काचेत आहे. घाटे सर निवृत्त झाले आणि समारंभात म्हणाले की मयेकर मॅडमच्या मागे मी खंबीरपणे उभा होतो. मृण्मयी पहिल्या रांगेत होती, तिने टाळ्या वाजवल्या. सौमित्रची बदली प्रशिक्षण केंद्रात झाली, गुजरातेत. पुन्हा कधी भट्टी त्याच्या हाती दिली नाही. तो शिकाऊ मुलांना शिकवतो, आणि मुले सांगतात की त्याच्या तासाला प्रत्येक आकड्यापुढे उभे राहून तो कुठल्या नळावरून आला ते सांगावे लागते. मृण्मयी त्याच्याबरोबर गेली. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी दोघे फिरायला जातात आणि केंद्राबद्दल मोठमोठ्याने बोलतात, मला फोनवर ऐकू येते.

देवस्थळी आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात प्रतिन्यूट्रिनोची कपाटे देशभर कायदेशीर झाली, प्रत्येक केंद्राजवळ एक. वर्तमानपत्रांनी त्यांचे फार कौतुक केले. मी ती नियमावली मागवून वाचली, भिंग घेऊन. सातव्या कलमात लिहिले आहे की कपाट सुरू करण्यापूर्वी त्याचे मोजमाप केंद्राच्या जाहीर आकड्याशी जुळवून घ्यावे.

खारशेतचे कपाट तसे जुळवून घेतले आहे. आता चार ठिकाणांहून शंभर येते, आणि भांडारात दिव्याशेजारी लिहिलेले असते: चौपट खात्री.